टाकीतलं वीस टक्के इथेनॉल: गाडीचं काय होतं, हवेचं काय होतं आणि पाण्याचं काय होतं

पावसाळ्याच्या तोंडावर माझी २०१३ची स्कूटर सकाळी चालू व्हायला त्रास द्यायला लागली. सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्या दादांनी सीट उचलली, पेट्रोलचा रबरी पाइप काढला आणि माझ्या हातात दिला. पाइप सुजला होता, बोटाला चिकटत होता आणि वाकवला की बारीक चिरा दिसत होत्या. दादा म्हणाले, "इथेनॉल, सर. आता रोज दोन-तीन गाड्या अशाच येतात." मग जरा थांबून स्वतःच म्हणाले, "पण पाइप बारा वर्षांचा झालाय, हेही खरंय."

ही दोन वाक्यं माझ्या डोक्यातून जाईनात, कारण इथेनॉलवरचं बहुतेक भांडण या दोन वाक्यांच्या मधेच चाललेलं असतं. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. स्टाफरूममध्ये, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पंपावरच्या रांगेत हल्ली मला एकच प्रश्न येतो: "सर, हे ई-२० गाडीला चांगलं की वाईट?" आणि लगेच पुढचा, "आणि पर्यावरणाचा फायदा खरंच होतो का?" दोन्ही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात, म्हणून ती वेगवेगळी द्यायला हवीत.

ई-२० म्हणजे नेमकं काय?

इथेनॉल म्हणजे साखरेपासून किंवा धान्यातल्या स्टार्चपासून आंबवून आणि ऊर्ध्वपातन करून काढलेलं अल्कोहोल. इंधनासाठी त्यातलं जवळजवळ सगळं पाणी काढून टाकतात. पेट्रोलमध्ये आकारमानानं २० टक्के इथेनॉल मिसळलं की त्याला ई-२० म्हणतात, १० टक्के मिसळलं की ई-१०. पुण्यासाठीचं पेट्रोल पाइपलाइननं लोणी काळभोरच्या डेपोत येतं, इथेनॉल टँकरनं येतं. मिसळायचं काम डेपोत होतं, कारण इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि लांबच्या पाइपलाइनमधून ते पाठवणं धोक्याचं असतं.

हे आपल्याकडे अचानक आलेलं नाही. २००१ साली देशात जे पहिले प्रायोगिक प्रकल्प झाले, त्यांतली दोन ठिकाणं मिरज आणि मनमाड होती. २०१४ साली मिश्रणाचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होतं, जून २०२२मध्ये ते १० टक्क्यांवर गेलं आणि २०२५मध्ये २० टक्क्यांवर. मूळ धोरणात २० टक्क्यांसाठी २०३० साल ठरलं होतं. म्हणजे उद्दिष्ट पाच वर्षं अलीकडे आलं, पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्या काही पाच वर्षांनी तरुण झाल्या नाहीत. लोकांच्या शंका इथून सुरू होतात आणि त्या रास्त आहेत.

पेट्रोलमध्ये खरंच इथेनॉल आहे का, हे बघायला मी शाळेतला मोजपात्राचा नळा गॅरेजवर नेला. १०० मिलिलिटर पेट्रोल, त्यात २० मिलिलिटर पाणी, बूच लावून हलवलं आणि ठेवून दिलं. पेट्रोल आणि पाणी मिसळत नाहीत, त्यामुळे खाली २० मिलिलिटर पाण्याचा थर दिसायला हवा. पाच मिनिटांनी खालचा थर चाळिसाच्या रेघेच्या किंचित खाली होता. इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याकडे गेलं होतं. दादा नळा उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. (हा प्रयोग उघड्यावर, आगीपासून लांब आणि माहितगार माणसानंच करावा. घरात अजिबात नको.)

अ‍ॅव्हरेज कमी होतं हे खरं का?

खरं आहे. एक वाटी शेंगदाणे आणि एक वाटी फुटाणे घ्या. वाटी तीच, पण फुटाण्यांनी पोट कमी वेळ भरलेलं राहतं. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये साधारण २१. म्हणजे इथेनॉलमध्ये एक तृतीयांश ऊर्जा कमी. त्याचं प्रमाण २० टक्के धरलं, तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-२० मध्ये ऊर्जा जवळपास ७ टक्क्यांनी कमी भरते. ई-१० शी तुलना केली तर साडेतीन टक्क्यांच्या आसपास.

नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातले अंदाज याच्याशी जुळतात. मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवून ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज ई-२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटतं, तशाच दुचाकीचं ३ ते ४ टक्क्यांनी. ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकीत ही घट १ ते २ टक्के.

हे महिन्याच्या हिशेबात बघू. लिटरला ४५ किलोमीटर देणारी स्कूटर महिन्याला ९०० किलोमीटर चालली, तर २० लिटरऐवजी पावणेएकवीस लिटर पेट्रोल लागेल. पुण्यातल्या शंभरीपार भावानं सत्तर-पंच्याहत्तर रुपये जास्त. लिटरला १५ किलोमीटर देणारी जुनी कार महिन्याला हजार किलोमीटर फिरली तर जवळपास पाचशे रुपये जास्त. हा पैसा खिशातून जातो, त्यामुळे "किरकोळ फरक आहे" म्हणून तो उडवून लावणं मला पटत नाही.

पण उलट बाजूही सांगतो. काही जण म्हणतात, अ‍ॅव्हरेज २० टक्क्यांनी पडलं. इंधनातली ऊर्जाच मुळात सात टक्के कमी झालीय, तेव्हा एवढी घट एकट्या इथेनॉलची असणं अवघड आहे. हवेचा फिल्टर तुंबलाय, टायरमध्ये हवा कमी आहे, कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) बिघडलाय किंवा रोज तासभर कर्वे रस्त्याच्या कोंडीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जातोय, यांतलं काहीतरी असणार. ते आधी तपासून घ्या.

इंजिन खराब होणार का?

हे गाडीच्या वयावर आहे. एप्रिल २०२३ पासून आलेल्या गाड्यांचे रबरी आणि धातूचे भाग ई-२० सहन करणारे आहेत, एप्रिल २०२५ पासूनच्या गाड्यांची इंजिनंच ई-२० साठी जुळवलेली आहेत. त्यांच्या मालकांनी निर्धास्त राहावं.

त्याआधीच्या गाड्यांचे दोन गट करा. इंजेक्शनवाल्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं मोजून इंधन फवारणाऱ्या गाड्यांत धुराच्या नळीत ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो. आमटी चाखून मीठ घालणाऱ्या बाईसारखं त्याचं काम: हवा जास्त झाली की तो इंधन वाढवायला सांगतो. कार्ब्युरेटरवाली गाडी मात्र चमचा मोजून मीठ घालते, चव बघत नाही. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या मापानं इंधन सोडलं की मिश्रणात हवेचं प्रमाण जास्त होतं. गाडी सकाळी रुसते, चढाला दम खाते आणि जरा जास्त तापते. आपल्याकडे २०२०मध्ये बीएस-६ हे धुराचे कडक नियम येईपर्यंत बहुतेक स्कूटर आणि मोटारसायकली कार्ब्युरेटरच्याच होत्या. पुण्यासारख्या दुचाकींच्या शहरात ही संख्या लहान नाही.

दुसरी गोष्ट रबराची. काही प्रकारची रबरं, कॉर्कचे गॅस्केट (सांध्यातून गळू नये म्हणून बसवलेल्या चकत्या) आणि काही धातू यांना इथेनॉल मानवत नाही. रबर फुगतं, मग कडक होतं आणि चिरतं. पेट्रोलियम मंत्रालयानंही ऑगस्ट २०२५मध्ये म्हटलं की काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, आणि तो खर्च थोडा असतो. माझ्या स्कूटरचा पाइप आणि फिल्टर मिळून खर्च फार आला नाही, हे खरं. पण पाइप चिरून पेट्रोल गरम इंजिनावर गळलं असतं तर? म्हणून हा भाग आधीच तपासून बदलायचा असतो, गळायची वाट बघायची नसते.

तिसरी गोष्ट पाण्याची. नळ्यात जे झालं तेच टाकीतही होऊ शकतं. थोडं पाणी इथेनॉल स्वतःत सामावून घेतं आणि इंजिन ते जाळूनही टाकतं. प्रमाण वाढलं की मात्र पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात आणि नेमका तोच तळचा थर इंजिनाकडे जातो. रोज चालणाऱ्या गाडीत हे सहसा होत नाही. मुलाकडे अमेरिकेत सहा महिने जाताना पार्किंगमध्ये अर्ध्या टाकीवर सोडून दिलेल्या गाडीत होतं. टाकीतली रिकामी जागा म्हणजे दमट हवा, आणि पावसाळ्यात ती हवा आपलं पाणी टाकीत सोडते. जायच्या आधी टाकी काठोकाठ भरा, झाकणाचं रबर बघा, कार्ब्युरेटरवाली दुचाकी असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवा आणि शेजारच्याला आठवड्यातून एकदा गाडी फिरवायला सांगा.

ई-२० भरल्यानं विमा रद्द होतो ही अफवा होती. मंत्रालयानं तसा स्पष्ट खुलासा केला आहे.

"ब्राझीलमध्ये तर याहून जास्त इथेनॉल चालतं"

चालतं. तिथे १९७५ पासून हा कार्यक्रम सुरू आहे आणि ऑगस्ट २०२५पासून साध्या पेट्रोलमध्येच ३० टक्के इथेनॉल आहे. पण तिथल्या बहुतांश गाड्या २००३ नंतर आलेल्या फ्लेक्स-फ्युएल प्रकारच्या आहेत, म्हणजे कुठल्याही प्रमाणातलं मिश्रण ओळखून स्वतःला जुळवून घेणाऱ्या. आणि तिथल्या पंपावर निव्वळ इथेनॉल वेगळं, त्याचा भाव वेगळा. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत असेल तर इथेनॉल परवडतं, हा हिशेब तिथला साधा टॅक्सीवालासुद्धा तोंडी करतो. ऊर्जा कमी असेल तर भावही कमी हवा, हा त्यामागचा सरळ न्याय.

आपल्याकडेही याची सुरुवात पुण्यातच झाली होती. ५ जून २०२१ रोजी शहरातल्या तीन पंपांवर शंभर टक्के इथेनॉलचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. आज मात्र जुन्या गाडीवाल्याला कमी मिश्रणाचं साधं पेट्रोल मागायची सोय नाही. मी ज्या पंपावर जातो तिथे मिश्रणाचं प्रमाण मशीनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आहे, चष्मा लावून शोधावं लागतं.

मग ई-२० स्वस्त का नाही?

नीती आयोगाच्या त्याच अहवालात म्हटलं होतं की कमी ऊर्जेची भरपाई म्हणून मिश्रित पेट्रोलचा भाव साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावा. तेव्हा इथेनॉल स्वस्त होतं. पुढे शेतकऱ्याला चांगला दर मिळावा म्हणून इथेनॉलचे खरेदीदर वाढत गेले. जुलै २०२५अखेर तेल कंपन्यांना ते वाहतूक आणि जीएसटी धरून सरासरी ७१ रुपये ३२ पैसे लिटरनं पडत होतं, करांआधीच्या पेट्रोलपेक्षाही महाग. त्यामुळे पंपावर भाव उतरला नाही.

हे पैसे परदेशी तेलाऐवजी आपल्या कारखान्यांकडे आणि शेतकऱ्यांकडे जातात, हा फायदा मोठा आहे. आपण कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. मंत्रालयाच्या हिशेबानं २०१४-१५ ते जुलै २०२५ या काळात इथेनॉलमुळे १ लाख ४४ हजार कोटी रुपयांहून जास्त परकीय चलन वाचलं. उसाची बिलं थकलेली असताना शेतकऱ्याच्या घरात काय चालतं हे ज्यांनी पाहिलंय, ते या आकड्याला हसणार नाहीत. पण मग हा देशाचा फायदा आणि त्याची किंमत जुन्या स्कूटरवाल्यानं अ‍ॅव्हरेजमधून भरायची, हे मोकळेपणानं सांगायला हवं आणि त्याला करात थोडी सूट द्यायला हवी.

आता हवेकडे: धुरात काय फरक पडतो?

कार्बन मोनॉक्साइड हा अर्धवट जळण्यातून होणारा विषारी वायू. नीती आयोगाच्या अहवालानुसार शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-२० वर तो दुचाकींत ५० टक्क्यांनी आणि चारचाकींत ३० टक्क्यांनी कमी झाला. न जळलेली हायड्रोकार्बन २० टक्क्यांनी घटली. नायट्रोजनच्या ऑक्साइडांत ठराविक कल दिसला नाही आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं एक त्रासदायक संयुग थोडं वाढलं. सिग्नलला दुचाकींच्या घोळक्यात श्वास घेणाऱ्या माणसासाठी हा एकूण फायदाच आहे. पुण्याच्या हवेतली धूळ, बांधकामांची माती, कचरा जाळल्याचा धूर आणि डिझेलची काजळी मात्र यानं कमी होणार नाही.

मोठा दावा आहे तो कार्बन डायऑक्साइडचा, आणि गैरसमजही इथेच होतो. सायलेन्सरमधून कार्बन डायऑक्साइड इथेनॉल जाळलं तरी येतोच. फरक तो कार्बन कुठून आला याचा. जमिनीखालचं तेल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी पुरून ठेवलेला कार्बन. तो बाहेर काढला की हवेत नवी भर पडते. उसानं किंवा मक्यानं घेतलेला कार्बन मागच्या वर्षी याच हवेतून घेतलेला असतो, जाळल्यावर तो परत जातो. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणली आणि आठ दिवसांनी परत दिली, असा हा व्यवहार.

पण उसनवारीच्या वाटेत खर्च होतो. नांगरणीचं डिझेल, युरिया बनवायला लागणारी ऊर्जा, युरिया टाकलेल्या शेतातून निघणारा नायट्रस ऑक्साइड (हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट उष्णता धरतो), पाचट जाळल्याचा धूर, डिस्टिलरीच्या बॉयलरचं इंधन. उसाची डिस्टिलरी चिपाडावर, म्हणजे बगॅसवर चालते, ही तिची जमेची बाजू. धान्याच्या डिस्टिलरीला चिपाड कुठून मिळणार? तिथे अनेकदा कोळसा जळतो. हे सगळं धरून सरकारनं दिलेला आकडा असा: पेट्रोलच्या तुलनेत उसाच्या इथेनॉलमुळे हरितगृह वायू ६५ टक्क्यांनी कमी, मक्याच्या इथेनॉलमुळे ५० टक्क्यांनी.

हाच आकडा बरोबर धरून मी गुणाकार केला. ई-२० मधल्या एकूण ऊर्जेत इथेनॉलचा वाटा २० टक्के नसतो, तो सुमारे १४ टक्के भरतो. त्याच्या ६५ टक्के म्हणजे ९, त्याच्या ५० टक्के म्हणजे ७. तुमच्या गाडीच्या दर किलोमीटरमागे हवामानाचा फायदा होतो तो ७ ते ९ टक्क्यांचा. शून्य नाही. पण "वीस टक्के हिरवं पेट्रोल" ऐकून मनात जे चित्र उभं राहतं, त्याच्या निम्म्याहूनही कमी.

कोणतं इथेनॉल, हा खरा प्रश्न

नारळाचं दूध आपण दोन-तीनदा पिळून काढतो, शेवटी उरतो चोथा. साखर कारखान्यातही उसाच्या रसाचा पाक तीनदा आटवून साखर काढतात. शेवटी जी काळी, घट्ट मळी उरते, जिच्यातून आणखी साखर काढणं परवडत नाही, तिला सी-हेवी म्हणतात. दुसऱ्या पिळणीनंतरच थांबलं तर बी-हेवी, तिच्यात अजून बरीच साखर असते. आणि साखर न करता थेट रसापासूनही इथेनॉल करता येतं.

सी-हेवी मळीचं इथेनॉल मला मनापासून आवडतं. ऊस साखरेसाठी लावलेलाच आहे, पाणी दिलेलंच आहे, मळी उरणारच आहे. पण सगळ्या देशाचं २० टक्के पेट्रोल त्या मळीवर भागत नाही. म्हणून बी-हेवी आली, रस आला, तांदूळ आला, आणि २०२३-२४ मध्ये मका सगळ्यांत पुढे गेला. त्या वर्षी मका इथेनॉलकडे वळला तेव्हा कुक्कुटपालन करणाऱ्यांना खाद्य महागात पडलं.

खडकवासल्याचं पाणी

नीती आयोगाचाच हिशेब आहे: उसातल्या साखरेपासून एक लिटर इथेनॉल करायला सरासरी २,८६० लिटर पाणी लागतं. आता माझी स्कूटर. महिन्याला २० लिटर पेट्रोल, त्यात चार लिटर इथेनॉल. ते सगळं उसाच्या रसाचं असेल तर साडेअकरा हजार लिटर पाणी. आपल्या सोसायटीत उन्हाळ्यात येणारा मोठा टँकर दहा हजार लिटरचा असतो.

याच पाण्यावरून पुण्यात दर उन्हाळ्यात वाद होतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्यातलं शहराला किती आणि कालव्यानं दौंड-इंदापूरकडे शेतीला किती, यावर कालवा समितीच्या बैठकांत खडाजंगी होते. कालव्याच्या त्या पाण्यावर ऊसही उभा असतो. राज्याच्या लागवडीखालच्या जमिनीचा लहानसा तुकडा व्यापणारं हे पीक सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा घास घेतं.

२०२३मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकात पाऊस कमी झाला, ऊस घटणार हे दिसलं आणि ७ डिसेंबरला केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. आठवड्याभरात मर्यादा घालून ती मनाई सैल झाली, ऑगस्ट २०२४मध्ये उठली. डिस्टिलरीत पैसा घातलेल्या कारखान्यांची मधल्या मधे ओढाताण झाली. आपला इंधनाचा पुरवठा आता मॉन्सूनलाही बांधला गेलाय, हे त्या वर्षी उघड दिसलं.

मग इथेनॉल नकोच का?

हवं. पण उरलेल्या गोष्टींपासून केलेलं. मळी आहे, खराब झालेलं धान्य आहे, भाताचा पेंढा आहे. पेंढ्यापासून इथेनॉल करण्याचा इंडियन ऑइलचा पानिपतचा कारखाना १० ऑगस्ट २०२२ रोजी देशाला अर्पण झाला. त्याचं तंत्रज्ञान पुण्यातल्या बावधनच्या प्राज इंडस्ट्रीजचं आहे. मांजरीत वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, कोथरूडच्या टेकडीवर गाड्यांच्या चाचण्या करणारी एआरएआय आहे, पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. हे काम करायला लागणारी माणसं याच शहरात आहेत.

आणि ठिबकशिवाय, कालव्याचं पाटपाणी देऊन वाढवलेल्या उसाचं इथेनॉल मला हिरवं म्हणवत नाही. तेवढ्याच जमिनीवर सौर पॅनेल टाकले तर विजेची स्कूटर कितीतरी जास्त धावेल, कारण पॅनेल उन्हातली साधारण २० टक्के ऊर्जा पकडतं आणि पिकाला एक-दोन टक्केसुद्धा जड जातात.

माझी स्कूटर आता व्यवस्थित चालू होते. दादांनी नवा पाइप घालताना त्यावर ई-२० लिहिलंय का ते मला वाचून दाखवलं, कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवला, फिल्टर बदलला आणि सांगितलं, दोन महिन्यांनी फिल्टर परत दाखवा. इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवतं, तो सगळा तिथे येऊन अडकतो.